खोकला : किती दिवस झाले रे?

"अरे, हवा बदललीय, दुसरं काय!" गेल्या वर्षी माझा रूम पार्टनर रोज हेच म्हणायचा. सबमिशन चालू, रात्रीची जागरणं, मेसचं तेलकट जेवण. खोकल्याला कारणं भरपूर होती. मेडिकलमधून एक बाटली आणली, संपली, दुसरी आणली. मीही कानात हेडफोन घालून झोपायला शिकलो. पाच आठवड्यांनी त्याची पॅन्ट कमरेला ढिली व्हायला लागली, तेव्हा कुठे आम्ही सरकारी दवाखाना गाठला. बेडका तपासला आणि निदान झालं : टीबी!

मित्रांनो, वर्कशॉपमध्ये मशीन आवाज करायला लागलं तर आपण आधी फॉल्ट शोधतो, नुसतं ऑईल सोडून भागवत नाही. मग खोकल्याच्या बाबतीतच आपण असे का वागतो?

सर्दी-फ्लूनंतरचा खोकला कधी कधी बरेच दिवस रेंगाळतो, हे खरं. दमा, छातीत वर येणारं आम्लपित्त, नाकातून घशात उतरणारा कफ, सिगारेट, इतकंच काय, ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनीही खोकला येतो (स्टाफमधील मंडळींनी हे लक्षात ठेवावं). पण कारण वेगळं तसं औषधही वेगळं. सगळ्यांना एकच बाटली कशी चालेल?

म्हणून नियम साधा आहे : दोन आठवडे खोकला थांबला नाही, तर तपासणी करायची. बेडक्यातून रक्त, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन घटणं किंवा धाप, यातलं काही असेल तर दोन आठवडेही थांबायचं नाही. मनाने अँटिबायोटिक तर घेऊच नये. लिव्होफ्लॉक्सॅसिनसारख्या गोळ्यांनी टीबी तात्पुरता दबतो आणि निदान लांबतं.

डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या : खोकला किती दिवसांचा, कोरडा की कफाचा, रात्री वाढतो की जेवणानंतर, आणि आतापर्यंत कोणती औषधं घेतली. सिगारेट ओढत असाल तर लपवू नका. डॉक्टर घरी फोन करायला बसलेले नसतात! बेडका तपासायला द्यायचा तर नुसती थुंकी चालत नाही. सकाळी, मोकळ्या हवेत, खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला बेडका लागतो.

सरकारी केंद्रात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. नोव्हेंबर 2024 पासून रुग्णाला पोषणासाठी महिना 1000 रुपयेही मिळतात. नेहमीच्या टीबीचा कोर्स साधारण 6 महिन्यांचा. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडला, तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

आणि हो, टीबी हवेतून पसरतो, ताट-ग्लासातून नाही. योग्य औषधं सुरू झाली की काही आठवड्यांत संसर्गाची शक्यता खूपच कमी होते. तेव्हा मित्राचं ताट वेगळं करू नका. खिडकी उघडा, आणि स्वतःचीही तपासणी करून घ्या. मी करून घेतली. सुदैवाने काही निघालं नाही.

पार्टनरचा कोर्स पूर्ण झाला, परीक्षाही दिली. आता कॉरिडॉरमध्ये कोणी खोकलं की हा दार उघडून विचारतो, "किती दिवस झाले रे?"

हाच प्रश्न मी त्याला वेळेवर विचारायला हवा होता.