गुडघे दुखतात, तेव्हा

खुरपायला उकिडवे बसायचे. चुलीपुढे बसायचे. डोक्यावर घागर घेऊन चढ चढायचा. आपल्या गुडघ्यांना दिवसभर विसावा नसतो. मग वय वाढले, की गुडघे कुरकुरतात. उठताना हात जमिनीला टेकावा लागतो. आपण म्हणतो, "वात धरला. आता वयच झालं, काय करणार!" पण असे हातपाय गाळून बसू नये. पुष्कळ काही आपल्याच हाती आहे.

दोन हाडे जिथे जुळतात, तिथे सांधा असतो. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. मध्ये वंगणासारखे पाणी असते. म्हणून सांधा अलगद हलतो. वय, भार, जुना मार यांमुळे ही कूर्चा झिजते. मग सांधा दुखतो, कधी सुजतो. झिजलेली कूर्चा खाण्याने किंवा लेपाने पुन्हा भरून येत नाही. पण दुखणे कमी करता येते.

पहिली गोष्ट वजनाची. अंगाचे वजन १ किलो घटले, तर दर पावलाला गुडघ्यावरचा सुमारे ४ किलो भार कमी होतो. म्हणून अंगाने जड माणसाने साखरेचा चहा, भजी, फरसाण कमी करावे. पण उपाशी राहू नये. ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, शेवगा, तिळाची किंवा जवसाची चटणी, हे आपले रोजचे जेवण चांगले आहे. आंबट म्हणून ताक सोडू नका. ताकाने, नाचणीने, तिळाने हाडांना चुना मिळतो. हळद, आले, लसूण जेवणात असावेतच. मात्र तेवढ्यानेच दुखणे जाईल, असे समजू नका.

दुसरी गोष्ट व्यायामाची. बाजेच्या कडेवर बसा. एक पाय समोर सरळ करा. मनात ५ अंक मोजा. पाय हळूच खाली घ्या. असे दोन्ही पायांनी १०-१० वेळा, सकाळ-संध्याकाळ करा. मांडी बळकट झाली, की गुडघ्याचा भार ती उचलते. खुरपताना शक्य तर बुटक्या पाटावर बसा. रोज थोडे चाला.

सांधा आखडला असेल, तर मिठाच्या पुरचुंडीने शेका. चटका बसू नये म्हणून पुरचुंडी आधी हाताच्या मागच्या बाजूला लावून पाहा. तीळतेल हलक्या हाताने चोळले तरी बरे वाटते. सांधा लाल व गरम असेल, तर मात्र शेकू नका, चोळू नका. गार पाण्याची पट्टी ठेवा.

आता धोक्याची गोष्ट. बाजारात कोणी "जडीबुटी" म्हणून पुडी विकतो. दोन दिवसांत दुखणे पळते. आपण खूश होतो. पण अशा काही पुड्यांत स्टेरॉइड नावाचे कडक औषध लपवून मिसळलेले असते. ते फार दिवस पोटात गेले, की तोंड सुजते, रक्तातली साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी घेऊ नका. फार दिवस घेत असाल, तर एकदम बंदही करू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. वेदनेच्या गोळ्याही आपल्या मनाने रोज खाऊ नयेत. त्यांनी पोटात व्रण होतो, मूत्रपिंडे बिघडतात.

काही दुखणी झिजेची नसतात. दोन्ही हातांची बोटे सुजली, सकाळी तासाहून अधिक वेळ आखडलेली राहिली, तर तो आमवात असू शकतो. त्यावर लवकर औषध घेतले, तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात. पायाचा अंगठा रातोरात लाल होऊन ठणकला, सांधा सुजून ताप आला, किंवा पडल्यावर पाय टेकेना, तर घरी लेप लावत बसू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा.

गुडघे आपले रोजचे सोबती आहेत. ते कुरकुरले, तर त्यांचे ऐकावे.