मरे नदीच्या काठाने

इचुका येथील नदीकाठच्या तळावर त्या संध्याकाळी एक लहानसा प्रसंग घडला. मोटारीमागे जोडलेले चाकांवरचे घर, म्हणजे कॅरॅव्हॅन, नेमून दिलेल्या जागेत मागे घ्यायचे होते. पती स्टिअरिंगवर होते आणि पत्नी मागे उभ्या राहून हातवारे करीत होत्या. तिसऱ्या प्रयत्नात कॅरॅव्हॅनची कड पाण्याच्या नळाला घासली. "अहो, डावीकडे म्हटलं होतं!" "अगं, पण कुणाच्या डावीकडे?" शेजारच्या कॅरॅव्हॅनमधील वृद्ध जोडपे हसू आवरत चहा पीत राहिले. हा संवाद ऑस्ट्रेलियातील प्रत्येक तळावर रोज संध्याकाळी कोणत्या ना कोणत्या भाषेत ऐकू येत असावा.

हे दांपत्य मूळचे तासगाव तालुक्यातील. तीस वर्षांहून अधिक काळ ते मेलबर्नला स्थायिक आहे. पतींनी आयुष्यभर हिशेबतपासणी केली, पत्नींनी शाळेत गणित शिकविले. निवृत्तीनंतर मुलांचा विरोध पत्करून त्यांनी एक वापरलेली कॅरॅव्हॅन विकत घेतली. वर्षातील काही महिने असे घर ओढत देशभर हिंडणारे निवृत्त लोक ऑस्ट्रेलियात पुष्कळ आहेत. त्यांना तिकडे 'ग्रे नोमॅड', म्हणजे पिकल्या केसांचे भटके, असे म्हणतात. मेलबर्नहून इचुका आणि तेथून मरे नदीच्या सोबतीने तिच्या मुखापर्यंत, असा सुमारे अकराशे किलोमीटरांचा प्रवास २१ दिवसांत करावयाचा, असा बेत पतींनी आखला होता. एवढी मोठी नदी समुद्राला मिळते कशी, हे त्यांना एकदा डोळ्यांनी पाहावयाचे होते. डोळ्यांनी, हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. त्यांच्या दृष्टिपटलाच्या मध्यभागी विकार सुरू झाला होता. दिवसाउजेडी गाडी चालविण्यास डॉक्टरांची अद्याप परवानगी होती, परंतु पुढील तपासणीनंतर ती राहील याची खात्री नव्हती.

मरे ही ऑस्ट्रेलियातील सर्वांत लांब नदी, २,५०८ किलोमीटरांची. आग्नेयेकडील डोंगरांत उगम पावून ती न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या दोन राज्यांची सीमा होत पश्चिमेकडे जाते. गंमत अशी की सीमा नदीच्या मध्यातून जात नाही, ती दक्षिण काठावर आहे. सारे पात्र न्यू साउथ वेल्सचे आणि व्हिक्टोरियाच्या वाट्याला काठ! पाण्यावरून भांडणे होण्यास एवढे पुरेसे होते. १९१४-१५ मध्ये तीन राज्ये व केंद्र सरकार यांच्यात पाणीवाटपाचा करार झाला, आणि त्यापुढे ह्यूम धरण व बंधाऱ्यांची साखळी उभी राहिली.

इचुका हे नाव यॉर्टा यॉर्टा या मूळ रहिवाशांच्या भाषेतील असून पाण्यांचा संगम असा त्याचा अर्थ सांगतात. १८६४ मध्ये मेलबर्नहून येथे रेल्वे आली आणि गाव भरभराटीस आले. दूरदूरच्या मेंढवाड्यांतून लोकरीचे गठ्ठे चाकाच्या वाफेच्या बोटींनी येथे उतरत व रेल्वेने बंदराकडे जात. नदीची पातळी ऋतूनुसार इतकी चढे-उतरे की रेड गम वृक्षाच्या लाकडाचा धक्का मजल्यामजल्यांचा बांधावा लागला. पुढे रेल्वेचे जाळे वाढले आणि ज्या रेल्वेने गावाला मोठे केले तिनेच बोटींचा धंदा संपविला. १८६६ साली बांधलेली 'ॲडलेड' ही बोट मात्र आजही पाण्यावर आहे.

जवळच बार्माचे अरण्य आहे. रेड गम वृक्षांचे एवढे मोठे वन जगात दुसरे नाही. या झाडांना अधूनमधून पुराचे पाणी पायाशी लागते. पूर आला नाही तर ती हळूहळू वाळतात. त्यांच्या सावलीत मुक्काम मात्र करू नये, कारण धडधाकट दिसणारी फांदीसुद्धा वारा नसताना अचानक कोसळते. याच भागात नदीचे पात्र इतके अरुंद होते की ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक पाणी सोडले तर ते काठ ओलांडून अरण्यात पसरते. खालच्या शेतकऱ्याला भर उन्हाळ्यात पाणी हवे असले तरी या अरुंद गळ्यातून जाईल तेवढेच त्याला मिळते.

स्वान हिलपर्यंतचे दिवस सुखात गेले. सकाळी आठला निघावे, दुपारी तीनपूर्वी थांबावे, हा नियम. सूर्यास्ताच्या सुमारास कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून तिकडे शहाणा चालक संध्याकाळी गाडी चालवीत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची या घराची जुनी सवय येथे आपोआप सांभाळली गेली. शेजारच्या तळावरील एकाने नुकताच पकडलेला मासा मोठ्या आपुलकीने पुढे केला. त्याला नम्रपणे नकार देऊन पत्नींनी थालीपीठ दिले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, या वेळी रिकामी बशी घेऊन.

स्वान हिलहून मिल्ड्युराकडे जाताना रस्ता कित्येक मैल सरळ जातो. तेथे पतींनी एकाएकी वेग कमी केला आणि गाडी कडेला घेतली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, रस्त्यावरची पांढरी रेघ मला वाकडी दिसते आहे." चौकशीअंती कळले की ती कालपासून वाकडी दिसत होती. पत्नी रागावल्या नाहीत. त्या खाली उतरल्या, गाडीला वळसा घालून आल्या आणि चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडून उभ्या राहिल्या.

पत्नी इतकी वर्षे शहरातच गाडी चालवीत होत्या, तीही बाजारहाटापुरती. मागे दीड टनांचे ओझे जोडलेली गाडी त्यांनी कधी हातात घेतली नव्हती. मिल्ड्युरापर्यंतचे राहिलेले अंतर त्यांनी ताशी साठच्या वेगाने कापले. मागे साचलेल्या वाहनांसाठी त्या वारंवार कडेला थांबत होत्या. गावातील नेत्रतपासनिसाने त्याच दिवशी डोळे पाहिले, मेलबर्नच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणे करून दिले. डोळ्यात ताजा रक्तस्राव नव्हता. रोज एका डोळ्याने चौकटींचा तक्ता पाहावा, फरक वाटल्यास तत्काळ कळवावे, ठरलेल्या तारखेला तपासणीस यावे, आणि गाडी मुळीच चालवू नये, असा सल्ला मिळाला. पती म्हणाले, "परत जाऊ." पत्नींचे उत्तर गणिताच्या शिक्षिकेस शोभणारे होते. "परत जायचं तरी मीच चालवायची, पुढे जायचं तरी मीच. मग पुढेच जाऊ."

मिल्ड्युरात मात्र त्यांनी चार दिवस मुक्काम केला. त्या मुक्कामात पत्नींनी मागे घेण्याची विद्या आत्मसात केली. कॅरॅव्हॅन मागे घेताना सारे उलटे होते. स्टिअरिंग उजवीकडे फिरविले की मागचे घर डावीकडे जाते. पत्नींनी टेबलावर काड्यापेटी आणि चमचा जोडून कोन पाहिले, कागदावर आकृती काढली. शेजारच्या एका बाईंनी याहून सोपी युक्ती सांगितली: हात स्टिअरिंगच्या तळाशी धरावा, म्हणजे घर ज्या बाजूला न्यावयाचे त्याच बाजूला हात न्यावा लागतो. मग रिकाम्या मैदानात दोन बादल्या ठेवून सराव झाला. पहिल्या दिवशी दोन्ही बादल्या चेपल्या.

मिल्ड्युराचा इतिहास आपल्याकडील वाचकाने जरूर जाणून घ्यावा असा आहे. १८८५ मध्ये आल्फ्रेड डीकिन हे व्हिक्टोरियाचे तरुण मंत्री सिंचन पाहण्यासाठी कॅलिफोर्नियास गेले होते. तेथे भेटलेले जॉर्ज आणि विल्यम चॅफी हे कॅनेडियन बंधू पुढे ऑस्ट्रेलियात आले व त्यांनी १८८७ मध्ये या ओसाड माळावर नदीचे पाणी पंपाने चढवून फळबागांची वसाहत सुरू केली. १८९३ च्या आर्थिक अरिष्टानंतर त्यांची कंपनी बुडाली. जॉर्ज परत गेले, विल्यम कर्ज डोक्यावर घेऊन गावातच राहिले. डीकिन १८९० मध्ये भारतातही येऊन गेले. आपल्याकडील कालव्यांवर त्यांनी 'इरिगेटेड इंडिया' हे पुस्तक लिहिले आणि पुढे ते ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झाले.

आणखी एक धागा तासगावकरांना तेथे सापडला. एका बागेत बेदाण्याच्या रॅक पाहून पती थबकले. द्राक्षांचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात भिजवून काढले की सालीवरील मेणचट थर सैल होतो आणि मणी लवकर वाळून रंगाला उजळ राहतात. सांगली-तासगावचा बागायतदार ही रीत आज आपलीच मानतो, परंतु ती ऑस्ट्रेलियन पद्धत म्हणूनच आपल्याकडे ओळखली जाते. मिल्ड्युराच्या परिसरात आता अनेक जण रॅकही वापरत नाहीत, काड्या छाटून घड वेलीवरच सुकवितात.

त्या बागेचे वृद्ध मालक बोलके होते. त्यांच्या बागेच्या एका बाजूस हिरवी रांग होती आणि दुसऱ्या बाजूस नुसते खांब, तारा व वाळलेले बुंधे. त्या बाजूचे पाणी आपण दुष्काळात विकले, असे त्यांनी सांगितले. पाणी विकले, म्हणजे टँकरने नव्हे. तेथे पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा करण्यात आला आहे. शेतकऱ्याजवळ जमिनीचा उतारा असतो तसा पाण्याचाही स्वतंत्र हक्क असतो, आणि तो मेगालिटरमध्ये, म्हणजे दहा लाख लिटरांच्या एककात, मोजतात. १ जुलैला पाण्याचे वर्ष सुरू होते. धरणांतील साठा पाहून हक्काच्या किती टक्के पाणी प्रत्यक्ष मिळणार हे जाहीर होते आणि आवक वाढेल तसा तो आकडा वाढविला जातो. खात्यात जमा झालेले पाणी वापरावे किंवा त्या वर्षापुरते दुसऱ्यास विकावे. कायमचा हक्कसुद्धा विकता येतो. पतींसारख्या हिशेबतपासनिसाला ही व्यवस्था पाहताच आवडली. व्याज आणि मुद्दल यांतील भेद त्यांना लगेच उमगला.

व्यवस्थेचे गुण नाकारता येत नाहीत. टंचाईच्या वर्षी हंगामी पिकाचा शेतकरी पाणी विकून तग धरतो आणि फळबागवाल्याची झाडे वाचतात. परंतु १९९७ ते २००९ या दीर्घ दुष्काळात ज्यांनी कर्जापोटी मुद्दलच विकले, त्यांच्याजवळ जमीन उरली आणि तिच्यावर पिकवावयास काही उरले नाही. शेजारचे पाणी गेले की कालव्याच्या देखभालीचा भार उरलेल्यांवर पडतो. वृद्ध मालकांची तक्रार कुणाविरुद्ध नव्हती. "सही माझीच होती," एवढे ते म्हणाले. कुठल्याही कर्जदाराच्या तोंडी हे वाक्य ऐकले की पुढे काय बोलावे ते सुचत नाही.

मिल्ड्युराजवळ वेंटवर्थला डार्लिंग नदी मरेला मिळते. एकीचे पाणी गढूळ, दुसरीचे हिरवट, आणि संगमानंतरही काही अंतर दोन रंग शेजारी शेजारी वाहतात. याच डार्लिंगवर वरच्या बाजूस मेनिंडी येथे २०१८-१९ च्या उन्हाळ्यात आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये प्राणवायूअभावी लक्षावधी मासे मेले. वेंटवर्थच्या रस्त्याकडेला एका लहानशा करड्या ट्रॅक्टरचे स्मारक आहे. १९५६ च्या महापुरात फर्ग्युसन ट्रॅक्टरांनी रात्रंदिवस माती ओढून बांध घातले व गाव वाचले, त्याची ती कृतज्ञता.

साउथ ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर फळमाशी रोखण्यासाठी तपासणी नाका आहे. ताजी फळे आणि टोमॅटो, मिरची, वांगी यांसारख्या फळभाज्या पलीकडे नेता येत नाहीत. म्हणून आदल्या रात्री कॅरॅव्हॅनमध्ये टोमॅटोचे सार, भरली वांगी आणि मिरचीचा ठेचा असा सणाचा बेत झाला. उरलेली चार संत्री नाक्याच्या अलीकडे थांबून संपविण्यात आली.

रेनमार्कच्या रस्त्यावर दोन डब्यांचा प्रचंड ट्रक शेजारून गेला आणि कॅरॅव्हॅन मागे डोलू लागली. अशा वेळी करकचून ब्रेक दाबणे धोक्याचे असते. पत्नींनी पाय हलकेच सैल केला, शिकवल्याप्रमाणे केवळ कॅरॅव्हॅनचा ब्रेक लावला आणि डोलणे थांबले. पती शेजारी नकाशा धरून बसले होते. तो उलटा होता, हे दोघांच्याही नंतर लक्षात आले.

त्यापुढील प्रदेशात नदी पार करण्यासाठी लोखंडी दोरावर चालणाऱ्या फेऱ्या आहेत, त्याही विनामूल्य. गाडी कॅरॅव्हॅनसह त्यांवर चढवायची असते. मॉर्गनला नदी काटकोनात दक्षिणेकडे वळते. ब्लँचटाउनच्या बंधाऱ्यापासून समुद्र २७४ किलोमीटर दूर आहे, तरीही बंधाऱ्याखाली पाणी समुद्रसपाटीपेक्षा जेमतेम पाऊण मीटर उंच असते. म्हणजे नदी येथे वाहते असे म्हणण्यापेक्षा पुढे सरकते असेच म्हणावे. काठावरच्या घरांच्या भिंतींवर २०२२ च्या अखेरीस आलेल्या पुराच्या खुणा माणसाच्या डोक्याच्या वर होत्या.

विसाव्या दिवशी ते गूल्वाला पोहोचले. येथे १९४० मध्ये पूर्ण झालेल्या पाच बंधाऱ्यांनी गोडे पाणी आणि खारे पाणी वेगळे केले आहे. १९८१ मध्ये नदीचे मुख वाळूने बुजले. नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यापासून असे प्रथमच घडले. दुष्काळाच्या वर्षांत, २००२ ते २०१०, यंत्रांनी वाळू उपसून मुख उघडे ठेवावे लागले, २०१५ पासून ते काम पुन्हा करावे लागले. एवढ्या लांबून आलेल्या नदीला समुद्रात शिरण्यापुरते पाणी शिल्लक उरत नाही. येथील न्गारिंजेरी लोकांच्या कथेत एका महाकाय माशाच्या शेपटीच्या फटकाऱ्यांनी मरेची वळणे घडली. त्या माशाचा पाठलाग याच प्रदेशात संपतो.

हिंडमार्श बेटाच्या टोकावरून मुख दिसते. वाळूचे दोन दांडे, मधली निरुंद वाट आणि पलीकडे फुटणाऱ्या लाटा. पती बराच वेळ पाहत राहिले. लाटांची रेघ वाकडी दिसते ती डोळ्यामुळे की मुळातच तशी आहे, असे त्यांनी विचारले. मुळातच तशी आहे, असे पत्नींनी सांगितले.

संध्याकाळी तळावर कॅरॅव्हॅन मागे घ्यायची होती. पती सवयीने मागे उभे राहून हातवारे करू लागले. पत्नींनी काच खाली केली आणि त्यांना जरा बाजूला व्हायला सांगितले. आरशात ते मध्ये येत होते.

मेलबर्नला परतल्यावर झालेल्या तपासणीनंतर पतींनी वाहनपरवाना परत केला. कॅरॅव्हॅन मात्र विकलेली नाही. येत्या सप्टेंबरात डार्लिंगच्या काठाने वर जाण्याचा बेत आहे, आणि या वेळी नकाशावर रेघा पत्नींनी आखल्या आहेत.