‘टाकी रिकामी शे ना!’

मागच्या महिन्यात मावशीकडे जाताना विसरवाडीजवळ स्कूटीचं चाक बसलं. महामार्गालगतच्या एका गॅरेजमध्ये पंक्चर काढायला थांबले. शेजारी ट्रकची डिझेल टाकी जमिनीवर काढून ठेवलेली. मिस्त्री वेल्डिंगची तयारी करत होते आणि माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान असलेला हेल्पर ती टाकी दोन्ही हातांनी धरून बसला होता. मी सहज विचारलं, “दादा, आतून धुतली का?” मिस्त्री हसले. “टाकी रिकामी शे ना ताई, काही नही व्हस.”

त्या दिवशी खरंच काही झालं नाही. पण मिस्त्री चहाला गेल्यावर त्या पोराने हळूच विचारलं, “मग कसं करायचं असतं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आयटीआयला मोटार मेकॅनिक करणाऱ्या मित्राला फोन लावला, मग पुस्तकं उघडली. तेव्हा कळलं की घाबरायचं असेल तर ते रिकाम्या टाकीलाच.

जळते ती वाफ

मिरचीच्या हंगामात पथारीच्या बाजूने गेलात तर मिरची हातात न घेताही ठसका लागतो. इंधनाचंही तसंच असतं. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. हवेत ही वाफ साधारण 1.4 ते 7.6 टक्के असली की ठिणगी पडताच भडका उडतो. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. ‘रिकाम्या’ टाकीत मात्र हवाही असते आणि तळाशी, सांध्यात, गंजात मुरलेल्या इंधनाची वाफही. 200 लिटरच्या ड्रममध्ये स्फोट व्हायला तीन-चार चहाचे चमचे पेट्रोल पुरतं. बंद जागेत भडका उडाला की पत्रा फाटतो आणि झाकण गोळीसारखं सुटतं.

“पण हे तर डिझेल आहे, ते कुठे पेटतं?” हा गॅरेजवाल्यांचा आवडता मुद्दा. भारतीय मानकानुसार डिझेलचा ज्वलनांक किमान 35 अंश सेल्सिअस असतो. म्हणजे त्या तापमानाला ठिणगीने पेटण्याइतकी वाफ तयार होऊ शकते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतला पाराच चाळिशी ओलांडतो. उन्हात पडलेल्या पत्र्याचं काय होत असेल? त्यात वेल्डिंगची आच!

खाली पेट्रोल, वर सीएनजी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती जमिनीवरून सरपटत जाते आणि गाडीखालच्या पिटमध्ये साचते. थाळीत पेट्रोल ओतून चेन किंवा पार्ट धुणं आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्याच वेळी पलीकडे ग्राइंडर चालू असतो. सीएनजी उलट हलका. गळती झाली की तो छताखाली जमतो. आणि बॅटरी चार्ज होताना निघणारा हायड्रोजन हवेत 4 टक्के झाला तरी पेटतो, म्हणून चार्जिंगजवळ विडी-सिगारेट नकोच.

भंगारात गाडी तोडताना हे सगळे धोके एकाच जागी येतात. गॅस कटर लावायचा आणि खाली टाकीत उरलेलं पेट्रोल, सीएनजीची सिलिंडर, न फुटलेली एअरबॅग. एअरबॅग फुगते तीच मुळात छोट्या स्फोटक चकतीमुळे, आणि गाडी भंगारात आली म्हणून ती निकामी होत नाही. 2021 साली केंद्राने वाहन भंगार केंद्रांसाठी नियम आणले. नोंदणीकृत केंद्रात गाडी तोडण्याआधी बॅटरी, इंधन, तेलं आणि गॅस बाहेर काढायचे, कटर त्यानंतर. अशा केंद्रात जुनी गाडी दिली की ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ही मिळतं.

नियम जुना, पोरगा नवा

ज्वलनशील पदार्थ ठेवलेली टाकी, तो पदार्थ आणि त्याची वाफ पूर्ण काढल्याशिवाय वेल्ड करायची नाही, हे 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 37 मध्येच लिहिलं होतं. पण कारखाना ठरायला ठरावीक संख्येने कामगार लागतात. रस्त्याकडेचा एक मिस्त्री आणि दोन पोरं त्यात कुठे बसणार? म्हणून तिथे नियम म्हणजे उस्ताद सांगेल तो. उस्तादने आयुष्यभर ‘काही नही व्हस’ पाहिलेलं असतं. आणि ठिणगी पडते तेव्हा टाकी धरून बसलेला असतो तो आपल्याच वयाचा हेल्पर.

तर मित्रा, ‘मग कसं करायचं?’ याचं उत्तर हे :

– टाकी गाडीतून काढून उघड्यावर न्यायची. इंधन पूर्ण काढायचं, मग वाफेने किंवा गरम पाणी आणि साबणाने आतून धुवायची. नुसतं विसळणं पुरत नाही.

– दुरुस्तीची जागा वर ठेवून टाकी पाण्याने भरायची. वरची पोकळी कमीत कमी ठेवायची आणि तोंड उघडंच ठेवायचं. खात्री नसेल तर वेल्डिंग नाही, नवी टाकी.

– बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची.

– पार्ट धुवायला पेट्रोल नको. तेलकट चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात.

– सीएनजी सिलिंडरची दर 3 वर्षांनी चाचणी. तिला कटर कधीच लावायचा नाही.

– ड्राय पावडरचं अग्निशामक आणि वाळूची बादली हाताशी. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी मारायचं नाही. फोन 101 किंवा 112.

आणि आपण गिऱ्हाईक म्हणून? “लवकर करा दादा, लेक्चर आहे” एवढं म्हणणं तरी थांबवू या. टाकी धुवायला तासभर जास्त लागला, तर लागू दे.