आधी प्रश्न, मग उत्तर

शेतीपंप बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात व्हॅल्यू इंजिनीअरिंगच्या अभ्यासाची तयारी चालली होती. अभ्यास घेण्याचं काम माझ्याकडे होतं. व्यवस्थापनाकडून आलेल्या कागदावर एकच ओळ होती : 'मोटारच्या टर्मिनल बॉक्सचा खर्च दहा टक्क्यांनी कमी करणे.'

अशी ओळ हातात आली की मी लगेच कोणाकडे कल्पना मागत नाही. दहा टक्के ही अपेक्षा झाली. अडचण नेमकी कुठे आहे, हे त्यातून कळत नाही. तेवढ्यावरच काम सुरू केलं तर पुढचं सगळं ठरलेलं असतं. झाकणाची जाडी कमी होते, चाराचे तीन स्क्रू होतात, पुरवठादाराचा दर पाडला जातो. कागदावर बचत दिसते आणि ती पुढे वॉरंटीच्या तक्रारींत निघून जाते.

म्हणून आधी वस्तू टेबलावर मागवली. स्टोअरमधून कोरा बॉक्स आला : बिडाचं झाकण, खाली रबरी गॅस्केट, चार कोपऱ्यांत चार स्क्रू, बाजूला केबल ग्लँड. सर्व्हिस विभागातल्या मेकॅनिकनं शेतावरून परत आलेल्या मोटारीचा बॉक्स त्याच्याशेजारी ठेवला. त्याला दोनच स्क्रू होते. तिसऱ्या भोकात बाइंडिंगची तार पिळून घातलेली होती आणि चौथं भोक मोकळंच होतं. गॅस्केट गायब होतं. आत मातीचा थर सुकला होता आणि टर्मिनलवर हिरवट गंज चढला होता.

"साहेब, रात्रीच्या लाइटीला पाणी धरायचं असतं," मेकॅनिक म्हणाला. "तार जळाली की माणूस बॅटरीच्या उजेडात हेच झाकण खोलतो. स्क्रू चिखलात पडला की गेला. गॅस्केट फाटलं की पुन्हा कोण आणतंय?"

असेंब्लीतल्या फिटरनं कोऱ्या बॉक्सकडे बोट दाखवलं. रंग मारला की तो आट्यांत जातो आणि स्क्रू अर्ध्यात अडतो, म्हणून प्रत्येक बॉक्सच्या चारही भोकांतून पुन्हा टॅप फिरवावा लागतो. हे काम कॉस्ट शीटवर कुठेच नव्हतं. परचेसच्या मंडळींना तोवर स्क्रूची फक्त खरेदी किंमत माहीत होती, आणि ती इतकी किरकोळ की त्याकडे कोणी पाहतच नव्हतं.

यानंतर आम्ही वस्तूचं नाव बाजूला ठेवून तिची कामं लिहायला बसलो. नियम साधा आहे. एक नाम आणि एक क्रियापद, बस्स. पाणी अडवणे. स्पर्श रोखणे. जोडणी सामावणे. केबल धरणे. झाकण आवळणे. दोन शब्दांत काम सांगता आलं नाही, तर ते आपल्याला पुरतं कळलेलं नाही असं मी धरतो. मग प्रत्येक कामाला 'का?' विचारायचं. झाकण का आवळायचं? पाणी अडवायला. म्हणजे आवळणं हा मार्ग झाला आणि पाणी अडवणं हे मूळ काम. 1960च्या दशकात चार्ल्स बायथवे यांनी 'का' आणि 'कसं' या दोन प्रश्नांवरच कामांचा नकाशा मांडण्याची पद्धत दिली, ती आजही वापरात आहे. या नकाशावर खर्च टाकला की चित्र पालटतं. भोक पाडणं, आटे पाडणं, पुन्हा टॅप फिरवणं, स्क्रू आवळणं हा सगळा पैसा मूळ कामावर नव्हे, एका मार्गावर चालला होता.

ही दृष्टी लॉरेन्स माइल्स यांची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या खरेदी विभागात काम करताना हवा तो माल मिळेना, तेव्हा ते विचारू लागले : हा माल नाही मिळाला तरी चालेल, पण तो जे काम करतो ते आणखी कशानं होईल? त्यातूनच 1947मध्ये व्हॅल्यू अ‍ॅनालिसिसची पद्धत आकाराला आली. टंचाईत सुचलेला तो प्रश्न मुबलकतेच्या काळातही तितकाच कामाचा ठरला. भारतात 1977पासून इंडियन व्हॅल्यू इंजिनीअरिंग सोसायटी या विषयाचा प्रसार करते आहे.

दिवस संपेपर्यंत आम्ही ओळ नव्यानं लिहिली : 'मोटारच्या बॉडीचं कास्टिंग न बदलता आणि आयपी 55चं संरक्षण कायम राखून, झाकण बसवण्याचा कारखान्यातला खर्च आणि ते खोलून पुन्हा बसवण्याचा शेतावरचा त्रास कमी करणे.' आयपी 55 म्हणजे धुळीपासून आणि कोणत्याही दिशेनं येणाऱ्या पाण्याच्या झोतापासून बचाव. ही अट आधीच लिहिली, म्हणजे पुढे एखादी स्वस्त कल्पना तिला वळसा घालून जाऊ शकत नाही. कास्टिंगला हात लावायचा नाही, हेही आधीच लिहिलं, कारण तिथे शिरलो असतो तर पॅटर्न आणि फाउंड्रीचा वेगळाच अभ्यास उभा राहिला असता.

नियोजन या ओळीतूनच उलगडत गेलं. टीममध्ये डिझाइन, परचेस, असेंब्ली, क्वालिटी, अकाउंट्स यांच्याबरोबर सर्व्हिसचा माणूस हवाच. पण संख्या सहा-सातच्या वर नको, नाहीतर बोलणारे दोघे आणि ऐकणारे बाकीचे, असं होतं. बैठकीआधी प्रत्येकानं काय आणायचं तेही ठरलं : ड्रॉइंग, वर्षाचा खप, ऑपरेशनवार खर्च, रिजेक्शन, तक्रारींच्या नोंदी. नव्या नमुन्याच्या पाण्याच्या चाचणीसाठी वेळ राखून ठेवला. कल्पना कोणत्या निकषांवर तोलायच्या, हे कल्पना सुचण्याआधीच ठरवलं. नंतर ठरवले तर निकष ज्याच्या-त्याच्या आवडत्या कल्पनेकडे झुकतात. शेवटचा मुद्दा मी कधीच सोडत नाही : मंजुरी कोण देणार आणि कोणत्या तारखेला? त्याचं उत्तर नसेल तर चांगल्यातली चांगली शिफारस फायलीत पडून राहते.

या तयारीत वेळ जातो आणि वरून विचारणा होते की बचत कुठे आहे. माझं उत्तर ठरलेलं आहे. टेबलावरच्या जुन्या झाकणात पिळलेल्या तारेचा खर्च कारखान्याच्या कोणत्याच शीटवर नव्हता. तो शेतकऱ्यानं भरला होता, जळालेल्या वाइंडिंगच्या आणि बुडालेल्या पाण्याच्या पाळीच्या रूपानं. प्रश्न अर्धवट मांडला की खर्च कमी होत नाही, तो आपल्या वहीतून उठतो आणि ज्याला बैठकीला बोलावलेलं नसतं त्याच्या खिशावर जाऊन बसतो. व्हॅल्यू इंजिनीअरिंगचा पहिला दिवस त्या माणसाला हिशेबात धरण्यासाठी असतो, आणि तो दिवस कोणत्याही घाईसाठी सोडू नये.