मोकाट जनावरे, रिकामी दावण

झाशी म्हटले, की मराठी माणसाला राणी लक्ष्मीबाई आणि तिचा किल्ला आठवतो. पण नगरासारख्या रेल्वेलगतच्या वस्त्या मागे टाकून खेड्यांच्या वाटेला लागले, की तिथला शेतकरी वेगळीच लढाई लढताना दिसतो. ऐन थंडीत रात्रभर शेतात जागायचे, हातात काठी आणि बॅटरी घेऊन पिकाची राखण करायची. शत्रू कोण? त्याच्याच गावातल्या गायी आणि गोऱ्हे!

प्रथा कशी बिघडली?

जनावरे मोकळी सोडण्याची बुंदेलखंडातली 'अन्ना प्रथा' जुनी आहे. रब्बीचे पीक निघाले, की पावसाळ्यापर्यंत जनावरे सोडून देत. रिकाम्या शेतात ती धसकटे खात आणि त्यांचे शेण तिथेच पडे. पेरणी जवळ आली, की जो तो आपली जनावरे दावणीला आणून बांधी. बैलाशिवाय नांगर चालणार कसा?

मग ट्रॅक्टर आला. केन नदीकाठचा काटक 'केनकथा' बैल बेकार झाला. गायराने आक्रसली, दुष्काळात वैरण मिळेनाशी झाली. मुळातच कमी दूध देणारी गाय आटली, की तिला पोसणे जड जाऊ लागले आणि भाकड जनावर विकण्याची वाटही राहिली नाही. उन्हाळ्यापुरती असलेली मोकळीक बारमाही झाली आणि उभी पिके फस्त होऊ लागली.

उत्तर प्रदेश सरकारने निवारे उभारले. 2019 साली अशी जनावरे सांभाळणाऱ्याला जनावरामागे रोज 30 रुपये देण्याची योजना आली. पुढे ही रक्कम 50 रुपये झाली. पण नुसत्या निवाऱ्याने पोट भरत नाही. आपल्याकडे महाराष्ट्रातही 2012-13 आणि 2018-19 च्या दुष्काळांत छावण्या उघडाव्या लागल्या, त्या चाऱ्यासाठीच.

दोष गायीचा नाही

गाय दिवसाला सुमारे 10 किलो शेण देते, म्हणजे वर्षाला साडेतीन टनांच्या आसपास. ते खड्ड्यात नीट कुजवले, तर जमीन भुसभुशीत होते, ओल धरून ठेवते आणि विकतच्या खताचा खर्च कमी होतो. शेताने जनावराला चारा द्यावा, जनावराने शेताला खत द्यावे, असे हे चक्र आहे. ते तुटले, की जनावर ओझे वाटू लागते.

गंमत अशी, की चाऱ्याचा विचार करणारी देशातली मोठी संस्था झाशीतच आहे. भारतीय चरागाह आणि चारा संशोधन संस्था तिथे 1962 साली स्थापन झाली. बांधावर संकरित नेपियर गवत लावणे, पडीक जमिनीवर गवत आणि झाडे एकत्र वाढवणे, अशा पद्धतींवर तिथे काम झाले आहे. भदावरी म्हशींचा कळपही या संस्थेने सांभाळला. ही म्हैस अंगाने लहान, निकृष्ट चाऱ्यावर निभावणारी. पण तिच्या दुधात स्निग्धांश 8 टक्क्यांहून अधिक असतो.

घरी करता येईल असा एक उपाय पाहा. 100 किलो गव्हाच्या भुशासाठी 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. ते पाणी भुशाच्या थरांवर सारखे शिंपडून थर दाबा आणि प्लॅस्टिकने हवाबंद झाकून तीन आठवडे ठेवा. भुसा मऊ आणि पचायला सोपा होतो. खायला घालण्यापूर्वी तो हवेत थोडा मोकळा करावा. नुसता युरिया मात्र जनावराच्या तोंडी कधीही लागू देऊ नका. तो विष ठरतो. सहा महिन्यांच्या आतील वासरांनाही हा चारा देऊ नये.

पैसा बाईच्या हाती

चारा मिळाला, तरी दुधाला भाव हवाच. 2019 साली झाशीत 'बालिनी' ही महिलांची दूध उत्पादक कंपनी सुरू झाली. गावातच दूध मोजून, त्यातला स्निग्धांश पाहून भाव ठरतो आणि पैसे महिलेच्या बँक खात्यात जमा होतात. पीक वर्षातून एकदा-दोनदा पैसा देते, दूध मात्र नेमाने देते. मुलांची फी, औषधपाणी, किराणा यांसाठी सावकाराचे दार ठोठावावे लागत नाही. अशा घरची गाय कोण मोकाट सोडील?

गायीची पूजा करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. तिच्यासाठी बांधावर चार ठोंबे गवत लावणाराच तिचा आणि शेतीचा खरा रक्षक म्हणावा लागेल.