दिवसाला ३०० लेंड्या!

घरात नवा ससा आला की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी घाबरून पशुवैद्याला फोन लावतं, ‘डॉक्टर, ससा लाल शू करतोय!’

घाबरू नका. सशाची लघवी पिवळी, नारिंगी, विटकरी, अगदी लालसरही असते. पाल्यातली आणि शरीरातली रंगद्रव्यं तिच्यात उतरतात आणि बहुधा दोन-तीन दिवसांत रंग आपोआप निवळतो. रक्त मात्र सहसा एकसारखं मिसळलेलं नसतं. त्याचे ठिपके, रेघा किंवा गाठी दिसतात. शंका आलीच तर दवाखान्यात तपासणीच्या पट्टीवर काही मिनिटांत कळतं. नसबंदी न झालेली मादी चार वर्षांच्या पुढे गेली असेल तर ही तपासणी टाळूच नका. त्या वयात सशांच्या माद्यांमध्ये गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो.

फरशीवर खडू
लघवी वाळली की पांढरी भुकटी उरते. हा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच! आपलं शरीर अन्नातलं कॅल्शियम गरजेपुरतं शोषतं. ससा जेवढं मिळेल तेवढं बरंचसं शोषून घेतो आणि जास्तीचं मूत्रपिंडावाटे बाहेर टाकतो. म्हणून गढूळ लघवी ठीक. पण ती टूथपेस्टसारखी घट्ट झाली किंवा ससा कुंथत बसला, तर डॉक्टर गाठा.

एवढुसा जीव, केवढी तहान
ससा दिवसाला किलोमागे साधारण ५० ते १५० मिलिलिटर पाणी पितो. याच हिशेबाने ६० किलोच्या माणसाला ३ ते ९ लिटर लागेल! ओली मेथी-कोथिंबीर खाल्ली की पाणी कमी जातं, उन्हाळ्यात वाढतं. बाटलीच्या नळीपेक्षा वाडग्यातून लपालपा पिणं त्याला सोपं जातं. सहज कलंडणार नाही असा जड चिनीमातीचा वाडगा घ्या.

विशेष म्हणजे उपाशी ससा पाणी जास्त पितो. दात दुखत असले आणि खाणं सुटलं, तरी वाडगा भराभर रिकामा होऊ शकतो. उलट पाणीच मिळालं नाही तर तो गवत खाणं सोडतो. म्हणून वाडगा आणि गवत, दोन्हीकडे एकदमच बघायचं.

सशाचं रवंथ
निरोगी ससा दिवसाला २०० ते ३०० गोल, कोरड्या लेंड्या टाकतो. पण खरी गंमत दुसऱ्या प्रकारात आहे. मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या इवल्या घडासारख्या या लेंड्या ससा खाली पडूच देत नाही. मान वळवून थेट गुदद्वारातूनच खातो, बहुधा रात्री किंवा पहाटे. किळस करू नका. आतड्यातल्या जिवाणूंनी तयार केलेली प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं त्यांत असतात. गाय चारा पोटातून तोंडात आणून चावते. सशाला उलटीच करता येत नाही, मग त्याचं रवंथ या वाटेने! शेताच्या बांधावरून पळणारा आपला रानससाही हेच करतो. (तो वेगळ्या प्रजातीचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याला घरी पाळता येत नाही.)

हे घड फरशीवर पडून राहू लागले तर ताटात काहीतरी चुकतंय. खाद्याच्या गोळ्या किंवा फळं जास्त, गवत कमी. किंवा ससा इतका लठ्ठ झालाय की मान तिथवर पोचत नाही.

केसांनी ओवलेली लेंड्यांची माळ दिसली? केस गळतीचे दिवस आहेत. रोज विंचरा.

कोपरा तो ठरवतो
पाळीव सशांचे पूर्वज युरोपातले रानससे. ते ठरावीक जागी लेंड्या टाकून आपली हद्द सांगतात, म्हणून तर सशाला ट्रेची सवय लागते. त्याने निवडलेल्या कोपऱ्यातच ट्रे ठेवा आणि वर सुकं गवत टांगा. त्याला खाता खाता लेंड्या टाकायला आवडतं. नसबंदी न झालेला नर भिंतीवर फवारे मारतो, तीही हद्दच. रागावून उपयोग नाही.

रोज सकाळी ट्रे साफ करताना लेंड्यांवर नजर टाका. बारीक झाल्या, कमी झाल्या, तर सावध व्हा. आणि बारा तास खाणंही नाही, लेंडीही नाही, अशी वेळ आली तर सकाळची वाट पाहू नका. आतडं थांबलेला ससा काही तासांत दगावू शकतो, म्हणून रात्री कुठला दवाखाना उघडा असतो हे आजच विचारून ठेवा.