पेनड्राइव्ह स्वस्त झाला, पण घरचे फोटो सुरक्षित आहेत का?

पुण्यात पेनड्राइव्ह घ्यायचा म्हटलं की बहुतेकांची पावलं बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीकडे वळतात. तिथं किती तरी कंपन्यांचे ड्राइव्ह मिळतात आणि आपण पाकिटावरचा जीबीचा आकडा आणि किंमत बघून एक उचलतो. आम्हीही तेच केलं होतं. घरातल्या निकाहचे सगळे फोटो एका स्वस्त पेनड्राइव्हवर ठेवले. काही महिन्यांनी बघितलं तर फाइलींची नावं दिसतात, पण फोटो उघडत नाहीत.

असं का होतं, हे समजण्यासाठी या धंद्यातली चढाओढ बघावी लागेल. फ्लॉपीत जेमतेम 1.44 एमबी मावायचं. 1994 मध्ये अमेरिकेच्या आयोमेगानं 100 एमबीची झिप डिस्क आणली. सायक्वेस्टनं लगेच 135 एमबीची काढली, पण किंमतयुद्धात ती 1998 मध्ये दिवाळखोरीत गेली. झिपही टिकली नाही. 2000 च्या सुमारास सिंगापूरच्या ट्रेक आणि इस्रायलच्या एम-सिस्टिम्स या कंपन्यांनी पेनड्राइव्ह बाजारात आणला. सुरुवातीला त्यात फक्त 8 एमबी मावायचं! आपल्याकडची मोझर बेअर फ्लॉपीपासून सीडीपर्यंत पोचली, जगभर माल विकला, पण शेवटी 2018 मध्ये तीही अवसायनात गेली.

या चढाओढीत आपला फायदा झाला, माल स्वस्त झाला. पण दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

पहिली, कंपनी किंवा तिचं तंत्र बंद पडलं की आपला डेटा अडकतो. आज झिप डिस्क हातात असली तरी ती वाचणारं मशीन कुठून आणणार?

दुसरी, आकड्याच्या स्पर्धेत बनावट माल घुसतो. आतल्या चिपमध्ये फेरफार करून 16 जीबीचा ड्राइव्ह कम्प्युटरला 512 जीबी दाखवतो. खरी जागा संपली की पुढचा डेटा साठतच नाही, नाही तर जुन्यावर लिहिला जातो. आपल्याला मात्र कॉपी झाल्यासारखंच वाटतं.

मग करायचं काय? बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर घेऊ नका. पक्कं बिल मागा. नवा ड्राइव्ह आधी पूर्ण भरून बघा, काढून पुन्हा लावा आणि शेवटच्या फाइलीही उघडून बघा. अस्सल पेनड्राइव्हसुद्धा वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिला तर त्यातला डेटा जाऊ शकतो, म्हणून अधूनमधून लावून तपासा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, निकाहनामा, मुलांचे दाखले, घराची कागदपत्रं, दादीचा रेकॉर्ड केलेला आवाज, यातलं काहीही एकाच ठिकाणी ठेवू नका. एक प्रत हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन आणि जमलं तर एक दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा बहिणीकडे. पेनड्राइव्ह पुन्हा विकत मिळेल, दादीचा आवाज मिळणार नाही.